झेरॉक्सच्या दुकानातून अमेरिकेचं कोर्ट

२०२५ च्या ऑगस्टमधे कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हाची गोष्ट. माझं दुकान सोलापुरात कोर्टाच्या समोरच्या अंगाला, झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, वकालतनाम्याचे कोरे फॉर्म, सगळं मिळतं. त्या आठवड्यात दुकानात दुसरा विषयच नव्हता. आता सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर जायचं नाही, सकाळी व्हीटीला उतरून तोंड धुवून हायकोर्टाकडं पळायचं नाही, आता कोल्हापूर. कुणी म्हणायलं बरं झालं, कुणी म्हणायलं कसलं बरं ओ, मुंबईला निदान झोपून जाता येत होतं, आणि ह्या सगळ्या गडबडीत मोहोळकडचे एक आजोबा, जमिनीची केस, वीस-बावीस वर्षं नुसत्या तारखा, त्यांनी मला हळूच विचारलं, "मालक, बेंच कळलं, पण सर्किट म्हणजे काय ओ? आमच्यात येड्याला सर्किट म्हणतेत."

सगळे हसले, मीपण हसलो. पण नीट सांगता कुणालाच येईना. दोन वकील उभे होते, त्यांनी पण "म्हणजे तसं बघायला गेलं तर" अशी सुरुवात करून विषय बदलला.

रात्री जेवण झाल्यावर मोबाईल घेऊन बसलो आणि सर्किट शोधता शोधता थेट अमेरिकेत पोचलो, तिथून अजून परत आलेलो नाही. झालं असं की १७८९ ला अमेरिकेनं कायदा करून आपली कोर्टं उभी केली तेव्हा सुप्रीम कोर्टात जज होते फक्त सहा, आणि त्या सहा जणांनी राजधानीत गादीवर बसून राहायचं नव्हतं, ठरलेल्या गावांची फेरी मारायची, घोड्यावर नाहीतर बग्गीत, चिखलातनं, रात्री मिळेल त्या खानावळीत मुक्काम करत, आणि गावोगावी कोर्ट भरवायचं. ती फेरी म्हणजे सर्किट. जज लोक वैतागून गेले होते त्या प्रवासाला, तक्रारी करायचे. शेवटी १८९१ ला अपिलासाठी वेगळी कोर्टं काढली, पुढं १९११ च्या कायद्यानं जुनी फेरीवाली कोर्टं बंदच केली, पण नाव काय गेलं नाही. आज तिथं अपिलाची फेडरल कोर्टं १३ आहेत आणि त्यांना सर्किटच म्हणतात, पाचवं सर्किट, नववं सर्किट असं.

पुढच्या तारखेला आजोबांना सांगितलं, सर्किट म्हणजे फेरी, पूर्वी जज फिरत फिरत गावाला यायचे. ते म्हणाले, "मग इतकी वर्षं उलटंच झालं की, आम्हीच फिरलाव."

एवढ्यावर माझा नाद सुटला असता. पण माझी मामेबहीण टेक्सासला असते, डॅलसच्या बाहेर कुठंतरी, तिकडची सिटिझन झालीय, तिला नेमकी ज्युरीची (म्हणजे खटल्यात फैसला करायला बसवतात त्या साध्या नागरिकांची) नोटीस आली. एका रात्री अकराला फोन. "दादा, मला कोर्टानं बोलावलंय, मी काय केलं नाही रे." माझं दुकान कोर्टासमोर आहे म्हणजे मला कायदा येतो असा आमच्या सगळ्या नातेवाईकांचा समज आहे आणि तो मी कधी मोडला नाही, त्यामुळं आता अभ्यास करणं भाग होतं. तर जे काय कळलं ते लिहितोय, वकील नाही मी, आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, आपल्याकडं कोर्टाचा जिना एकच आहे. तालुका, जिल्हा, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. कायदा महाराष्ट्राचा असो की दिल्लीचा, चढायचं त्याच पायऱ्यांनी. तिथं दोन जिने आहेत, शेजारी शेजारी. प्रत्येक राज्याचा स्वतःचा जिना, खालपासून वरपर्यंत, आणि केंद्राचा वेगळा, त्यात खाली ९४ जिल्हा कोर्टं, मधे ती १३ सर्किटं आणि वर एक सुप्रीम कोर्ट. खून, चोरी, घटस्फोट, भाडेकरू, गाडीची धडक, रोजचं जे काय असतं ते जवळजवळ सगळं राज्याच्या कोर्टात. केंद्राच्या कोर्टात जायचं तर मामला केंद्राच्या कायद्याचा किंवा घटनेचा पाहिजे, नाहीतर मग भांडणारे दोघं दोन वेगळ्या राज्यातले पाहिजेत आणि रक्कम ७५,००० डॉलरच्या वर पाहिजे. आणि गंमत म्हणजे एकाच कृत्याबद्दल दोन्ही जिन्यांवर खटला चालू शकतो, राज्याचा वेगळा, केंद्राचा वेगळा. एकदा शिक्षा झाली की त्याच गुन्ह्याला परत नाही हे तत्त्व त्यांच्या घटनेत आहे, पण कोर्ट म्हणतं राज्य आणि केंद्र ही दोन वेगळी सरकारं, त्यांचे दोन वेगळे कायदे, म्हणून दोन वेगळे गुन्हे. २०१९ ला गॅम्बल नावाच्या माणसानं हेच तपासून घेतलं सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन, ७ विरुद्ध २ नी हरला.

नावांचा तर असला घोळ आहे. न्यूयॉर्क राज्यात सुप्रीम कोर्ट म्हणजे खालचं कोर्ट, जिथं खटला चालतो ते, आणि सगळ्यात वरच्याला म्हणतात कोर्ट ऑफ अपील्स. टेक्सासमधे सगळ्यात वरची कोर्टंच दोन, दिवाणीचं एक, फौजदारीचं एक. बहिणीला म्हणलं तुझ्या नोटिशीवर कोर्टाचं नाव काय आहे ते नीट वाच, नाहीतर भलत्याच बिल्डिंगमधे जाशील.

मग जज कसे होतात ते वाचलं आणि आमच्या एका सिनियर वकीलसाहेबांना सांगितलं, ते संध्याकाळी चहाला दुकानात टेकतात. केंद्राचे जज राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट म्हणजे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह मंजुरी देतं, आणि एकदा बसले की तहहयात. आपल्या सुप्रीम कोर्टाला ६५ ची वयोमर्यादा आहे, हायकोर्टाला ६२, तिथं मरेपर्यंत नाहीतर स्वतः उठेपर्यंत. सुप्रीम कोर्टाच्या जजवर महाभियोग आजवर एकदाच लागलाय, सॅम्युएल चेस म्हणून होते, १८०४ ला, आणि पुढच्या वर्षी सिनेटनं त्यांनाही सोडून दिलं. इथपर्यंत वकीलसाहेब मान हलवत होते. पण राज्यांमधे बऱ्याच ठिकाणी जज निवडणुकीनं येतात, टेक्सासमधे तर पक्षाच्या नावावर, लोकांच्या अंगणात बोर्ड लावलेले असतात अमक्याला जज करा म्हणून, हे सांगितल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे उद्या प्रचाराला जजसाहेब माझ्या दारात, आणि परवा मी त्यांच्या कोर्टात?"

त्यांची शंका बरोबर होती, तसं घडलेलं पण आहे. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीवर ५ कोटी डॉलरचा निकाल लागला होता, अपील व्हायचं होतं, तेवढ्यात तिथल्या सर्वोच्च कोर्टाची निवडणूक आली आणि कंपनीच्या प्रमुखानं एका उमेदवारासाठी ३० लाख डॉलर खर्च केले. उमेदवार निवडून आला. अपील त्याच्यासमोर आलं, बाजूला व्हा म्हणून अर्ज केला तरी झाला नाही, आणि ३ विरुद्ध २ नी कंपनी जिंकली, त्या तिघातला एक तो. २००९ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ह्या जजनं बसायला नको होतं. पण तेही ५ विरुद्ध ४ नी बरं का. चार जजांचं म्हणणं, हे चुकीचं दिसतंय ते ठीक, पण किती पैशाला बाजूला व्हायचं ही रेघ कुठं मारायची.

ह्यातनं मला एक लक्षात यायला लागलं. आपण निकाल ऐकला की विचारतो काय ठरलं. तिथले जज निम्मा वेळ ह्यावरच घालवतात की हे ठरवायचं कुणी. राज्यानं की केंद्रानं, ज्युरीनं की जजनं, कोर्टानं की कायदेमंडळानं. त्या एका प्रश्नाचं उत्तर लागलं की पुष्कळदा निकाल आपोआपच लागतो.

ज्युरीचं घ्या. काय घडलं हे ज्युरी ठरवणार आणि कायदा काय म्हणतो हे जज सांगणार, अशी वाटणी आहे. चाकू त्यानं मारला का, सही तिची आहे का, ड्रायव्हर झोपला होता का, हे रस्त्यावरच्या साध्या माणसांनी ठरवायचं, त्यात शिक्षिका असेल, प्लंबर असेल, आमची बहीण असेल. गंभीर गुन्ह्यात सहसा बारा जण, आणि दोषी ठरवायचं तर बाराही पाहिजेत. लुइझियाना आणि ओरेगॉन ह्या दोन राज्यांत दहा जणांवर भागायचं, ते २०२० ला सुप्रीम कोर्टानं बंद केलं. पण एक गोष्ट माझ्या काही केल्या पचेना, ज्युरी कारण देत नाही. दोषी, नाहीतर निर्दोष, बास. पानभर सोडा, एक ओळ पण नाही. आपल्याकडं सेशन कोर्टाच्या निकालाची नक्कल काढायची तर माझ्या मशीनचा टोनर संपतो आणि तिथं माणसाच्या आयुष्याचा फैसला एका शब्दात.

आपल्याकडं पण ज्युरी होती की. नानावटी केस सगळ्यांना माहीत असते, १९५९, मुंबई, नौदलाचा अधिकारी, खुनाचा खटला, ज्युरीनं ८ विरुद्ध १ नी निर्दोष ठरवलं, जजला ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडं पाठवलं आणि तिथं जन्मठेप झाली. त्यानंतर लगेच ज्युरी गेली असं लोक सांगतात पण तसं नाही, ती हळूहळू गेली, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. अमेरिकेत असं करता येत नाही. फौजदारीत ज्युरीनं निर्दोष म्हणलं की संपलं, जजला पटो न पटो, सरकारला अपील पण नाही.

आणि दिवाणी आणि फौजदारीत पुराव्याचं माप वेगळं असतं हे तर तिकडचा नावाजलेला फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सनच्या प्रकरणात सगळ्या जगानं बघितलं. १९९५ ला फौजदारीत सुटला, १९९७ ला त्याच दोन खुनांसाठी दिवाणी दाव्यात जबाबदार ठरला, भरपाई ३ कोटी ३५ लाख डॉलर. फौजदारीत वाजवी शंका उरली की आरोपी सुटला, दिवाणीत तराजू जरा इकडं झुकला तरी चालतं.

आता हे सगळं ऐकून वाटेल तिथं रोज ज्युरी बसलेलीच असते. नाही ओ. शिक्षा झालेल्या फेडरल प्रकरणांपैकी ९७ टक्के आणि राज्यांतली ९४ टक्के गुन्हा कबूल करून मिटतात, हा आकडा खुद्द सुप्रीम कोर्टानंच २०१२ च्या एका निकालात लिहिलाय. सरकारी वकील म्हणतो खटला लढलास तर वीस वर्षं, कबूल केलंस तर चार, बोल. आणि माणूस सही करतो. कधीकधी निर्दोष माणूस पण करतो, कारण वीस म्हणजे वीस. मला विचाराल तर अमेरिकेचं खरं कोर्ट ह्या टेबलावर आहे, जिथं ना ज्युरी असते ना प्रेक्षक.

बरं, जज. खालचा जज पुरावा कुठला आत येणार कुठला नाही ते ठरवतो, ज्युरीला कायदा समजावून सांगतो, आणि शिक्षा बहुतेक ठिकाणी तोच ठरवतो (टेक्सासमधे आरोपी म्हणला तर शिक्षा पण ज्युरीच ठरवते, बहीण हे ऐकून दोन दिवस झोपली नाही). पण मला जास्त मजा अपिलात वाटली. अपिलाच्या कोर्टात साक्षीदार नाही, उलटतपास नाही, नवीन पुरावा नाही, फक्त खालचं रेकॉर्ड आणि दोन्हीकडचे लेखी युक्तिवाद. आणि इथं परत तोच प्रश्न, ठरवायचं कुणी. साक्षीदार खरं बोलला का खोटं हे ज्यानं त्याचा चेहरा बघितला त्यानं ठरवलंय, वरच्यानं त्यात उगाच हात घालायचा नाही, उघड उघड चूक असेल तरच. कायद्याचा अर्थ लावण्यात चूक असेल तर मात्र वरचा अगदी पहिल्यापासून तपासणार.

हे मी वकीलसाहेबांना डीआरएसनं समजावलं आणि मला स्वतःचाच अभिमान वाटला. एलबीडब्ल्यूमधे बॉल स्टंपला चाटून जात असेल तर अंपायर्स कॉल, मैदानावरच्यानं जे दिलं तेच राहणार, थर्ड अंपायरला स्वतःला काय वाटतं ह्याला अर्थ नाही. पण नोबॉल होता का, ही रेघेची गोष्ट, ती तो पहिल्यापासून बघणार. तिथले आत्ताचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स २००५ ला सिनेटसमोर म्हणाले होते की जज अंपायरसारखा असतो, त्यानं खेळायचं नसतं. त्यांचा अंपायर बेसबॉलचा. पण अंपायरला निदान नियमाचं पुस्तक स्पष्ट असतं. कायद्यातले शब्द तेवढे स्पष्ट असते तर माझ्या समोरची बिल्डिंग निम्मी रिकामी असती.

टोमॅटोचीच केस बघा. १८८३ चा कायदा, बाहेरून येणाऱ्या भाजीवर १० टक्के जकात, फळावर नाही. निक्स नावाचे न्यूयॉर्कचे व्यापारी, त्यांनी टोमॅटो आणले, जकात घेतली, त्यांनी दावा ठोकला की टोमॅटो हे फळ आहे, पैसे परत द्या. कोर्टात डिक्शनऱ्या वाचल्या. एका बाजूनं टोमॅटोचा अर्थ वाचला, तर दुसऱ्या बाजूनं मटार, वांगं, काकडी, भोपळा, मिरचीचे अर्थ वाचून दाखवले, म्हणजे असं बघितलं तर ही पण फळंच की. १८९३ ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं, वनस्पतीशास्त्रात ते फळ असेल, पण बाजारात आणि स्वयंपाकघरात लोक त्याला भाजी म्हणतात, जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून खात नाहीत, तर भाजीच. आमच्या मंडईतल्या बाईला विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात हाच निकाल आणि वर एक मूठ कोथिंबीर फुकट.

पण माझी सगळ्यात आवडती केस माशाची. कारण ती खरं तर कागदाची आहे.

२००१ ला तिकडं एन्रॉन कंपनीचा मोठा घोटाळा बाहेर आला, हिशोबाचे कागद ढिगानं श्रेडरमधे, म्हणजे कागदाच्या पट्ट्या करायच्या मशीनमधे, घालून नष्ट केलेले. मग २००२ ला कायदा केला, चौकशीत अडथळा आणायला जो कुणी कुठलीही नोंद, दस्तऐवज किंवा "मूर्त वस्तू" नष्ट करेल त्याला २० वर्षांपर्यंत शिक्षा. आता २००७, फ्लोरिडाच्या बाजूचा समुद्र, येट्स नावाचा मच्छीमार, बोटीवर अधिकारी येतो आणि मासे मोजतो. नियम असा की २० इंचापेक्षा लहान ग्रुपर मासा पकडायचा नाही, ह्याच्याकडं ७२ लहान मासे निघाले. अधिकाऱ्यानं ते क्रेटमधे वेगळे ठेवले, हात लावू नको म्हणला, आणि किनाऱ्यावर परत मोजले तर ६९ आणि बरेचसे मासे जरा लांब झालेले. पहिले समुद्रात गेले होते, त्यांच्या जागी दुसरे आले होते. सरकारनं त्याच्यावर लावला तो श्रेडरवाला कायदा. मासा ही मूर्त वस्तू आहे का?

आहेच ना, हातात धरता येतो, वास येतो. चार जजांनी हेच म्हणलं. जस्टिस केगन ह्यांनी विरोधी निकालात चक्क लहान मुलांच्या एका पुस्तकाचा दाखला दिला की मासा ही वस्तू असते हे पोरांना पण कळतं. आणि वर असंही लिहिलं की हा कायदा मला स्वतःला वाईट वाटतो, शिक्षा फार जास्त आहे, पण तो बदलणं माझं काम नाही. दुसऱ्या बाजूला जस्टिस गिन्सबर्ग, त्या म्हणाल्या शब्द एकटा वाचायचा नसतो, तो कुणाच्या शेजारी बसलाय ते बघायचं, नोंद आणि दस्तऐवज ह्यांच्या रांगेत मूर्त वस्तू आली म्हणजे जिच्यावर माहिती साठवता येते अशी वस्तू, हार्ड डिस्क वगैरे. २०१५ ला ५ विरुद्ध ४ नी येट्स सुटला. त्याला खाली झालेली शिक्षा ३० दिवसांची होती आणि ती तो कधीच भोगून आला होता. थोड्याशा माशांसाठी आठ वर्षांचं लटांबर. हे वाचून मला पहिल्यांदा वाटलं की अमेरिका आणि सोलापूर फार लांब नाहीत.

माझ्या मते कोण बरोबर? मी दुकानातला माणूस, आधी मला केगन पटल्या, वस्तू म्हणजे वस्तू. मग आठ दिवसांनी गिन्सबर्ग पटल्या. अजून माझं ठरलेलं नाही. वकीलसाहेब म्हणाले मला फी कोण देतो त्यावर सांगतो.

सुप्रीम कोर्टात नऊ जज, १८६९ पासून नऊच, आणि सगळ्या केसेस नऊही जण एकत्र बसून ऐकतात, आपल्यासारखं दोन-तीन जणांचं बेंच नाही. वर्षाला हजारो अर्ज येतात, त्यातले साठ-सत्तरच ऐकायला घेतात, आणि घ्यायचं तर नवातल्या चौघांनी हो म्हणायला लागतं. बाकीच्यांना एका ओळीत 'नाही'. प्रत्येक बाजूला साधारण अर्धा तास, त्यात पण पहिली दोन मिनिटं झाली की वकिलाचं वाक्य पूर्ण होऊ देत नाहीत, प्रश्नांवर प्रश्न. जस्टिस थॉमस पूर्वी ह्याला अपवाद होते, २००६ ते २०१६ दहा वर्षं त्यांनी युक्तिवादात एक प्रश्न विचारला नव्हता. कॅमेरा चालत नाही पण २०२० पासून आवाज लाईव्ह ऐकू येतो, तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागं गेली की साडेआठ. शटर ओढून हिशोब करताना मी लावून ठेवतो. निम्मं कळत नाही. पण जजचा आवाज ओळखू यायला लागलाय.

नंतर ते नऊ जण बंद खोलीत बसतात, दहावं कुणी नाही, आत येण्याआधी सगळे एकमेकांशी हात मिळवतात, दार वाजलं तर उघडायला सगळ्यात ज्युनियर जजनं उठायचं. सगळ्यांचं एकदा बोलून होईपर्यंत कुणी दुसऱ्यांदा बोलत नाही (आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हा नियम पाहिजे राव). मग मतं पडतात, बहुमतातला सगळ्यात सिनियर ठरवतो निकाल कुणी लिहायचा, मसुदे फिरतात, आणि मसुदा वाचून एखाद्याचं मत फिरू पण शकतं. जो हरला तो पण आपलं म्हणणं लिहितो, आणि ते निकालासोबतच छापलं जातं.

हरलेल्याचं छापून ठेवण्यात काय अर्थ, असं मला वाटायचं. मग क्लॅरेन्स गिडियन वाचला.

१९६१, फ्लोरिडा, पनामा सिटी. एका पूल खेळायच्या क्लबात चोरी, मशीनमधली चिल्लर गेलेली, आणि गिडियनला पकडलं. गरीब माणूस, पन्नाशीतला, आधी पण तुरुंगात जाऊन आलेला. कोर्टात म्हणाला मला वकील द्या, पैसे नाहीत. जज म्हणाले फ्लोरिडाच्या कायद्यानं फाशीच्या गुन्ह्यालाच सरकारी खर्चानं वकील देता येतो. त्यानं स्वतःच स्वतःची केस लढवली, जमेल तशी, आणि पाच वर्षं झाली. मग तुरुंगात बसून त्यानं सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. तुरुंगाच्या रेघी कागदावर, पेन्सिलनं. त्या अर्जाचा फोटो बघितलाय मी, स्पेलिंगच्या चुका आहेत, पण अक्षर बरं आहे. माझ्याकडं रोज असे अर्ज येतात टाईप करायला, पाठपोट लिहिलेले, कडेला वाढवलेले, त्यामुळं तो फोटो बघून मला कसंतरीच झालं.

कोर्टानं अर्ज घेतला, त्याच्यासाठी चांगला वकील नेमला, एब फोर्टस, जे पुढं स्वतःच त्या कोर्टाचे जज झाले. अडचण एकच होती, १९४२ चा कोर्टाचाच निकाल आडवा होता की राज्यांनी प्रत्येक गरीब आरोपीला वकील दिलाच पाहिजे असं नाही. आधीचा निकाल असा आडवा असला की तिथले जज सहसा तो मोडत नाहीत, त्याला बगल देतात, ही केस त्याच्यापेक्षा वेगळी आहे म्हणून. इथं त्यांनी तो सरळ मोडला. १८ मार्च १९६३, नऊच्या नऊ एकमतानं, वकील मिळालाच पाहिजे. आणि हा निकाल लिहिला कुणी, जस्टिस ह्यूगो ब्लॅक. १९४२ ला हरलेल्या बाजूचा निकाल लिहिणारे हेच. तेव्हाचं त्यांचं विरोधी मत एकवीस वर्षं पुस्तकात पडून होतं.

गिडियनची केस परत चालली, त्याच कोर्टात, त्याच जजसमोर, फक्त ह्या वेळी शेजारी वकील होता. त्यानं साक्षीदाराला उलटतपासात सोलून काढला. ज्युरी तासाभरात बाहेर आली, निर्दोष.

हे सांगितल्यावर वकीलसाहेब म्हणाले आपली होसकोटची केस वाच, १९७८, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. वाचली. बनावट डिग्रीचं प्रकरण, हायकोर्टानं शिक्षा वाढवली, आणि कैद्याचं म्हणणं की मला निकालाची प्रतच हातात मिळाली नाही म्हणून अपिलाला चार वर्षं उशीर झाला. सुप्रीम कोर्टानं त्याचं अपील काय घेतलं नाही, पण जस्टिस कृष्णा अय्यर ह्यांनी सांगून ठेवलं की तुरुंगातल्या माणसाला निकालाची प्रत फुकट आणि वेळेत मिळाली पाहिजे, आणि गरिबाला वकील पण. निकालाची प्रत! मी आयुष्यभर हेच विकतोय, दोन रुपयाला एक पान, आणि मला माहीत नव्हतं की ह्याच्यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.

आता बहिणीचं. ती गेली त्या दिवशी. साठेक लोकांना एका हॉलमधे बसवलं होतं, मग दोन्हीकडचे वकील एकेकाला प्रश्न विचारायला लागले, तुमच्या घरी कुणाला अटक झाली होती का, पोलिसांवर विश्वास आहे का, दारू पिता का. ह्यातनं ते नको असलेली माणसं काढतात, काहींना कारण सांगून, आणि काही ठराविक संख्येनं कारण न सांगता पण काढता येतात. फक्त वंश बघून काढायचं नाही, हे १९८६ ला बॅट्सन केसमधे ठरलं, नंतर स्त्री-पुरुष बघून पण नाही. बाकी तुझा शर्ट आवडला नाही म्हणून पण काढू शकतात.

संध्याकाळी तिचा फोन, चिडलेली. इतके दिवस नको नको म्हणत होती, आणि आता घेतलं नाही म्हणून चिडली.

"मला काढलं दादा. कारण पण सांगितलं नाही."

मी म्हणलं, "काय विचारलं होतं तुला?"

"तेच, घरातलं कुणी कोर्टाशी संबंधित आहे का."

"मग?"

"मग खरं तेच सांगितलं. माझा भाऊ वीस वर्षं कोर्टात आहे म्हणून."

"अगं कोर्टात नाही, कोर्टासमोर!"

"त्यांना काय कळतंय आत आणि समोर," म्हणाली, आणि फोन ठेवला.